प्रोबायोटिक घेताय? आधी स्ट्रेन बघा
डब्यावर नुसतं 'प्रोबायोटिक' (म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू) लिहिलंय म्हणून घेऊ नका. स्ट्रेनचं, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराचं, पूर्ण नाव वाचा. गुण त्या त्या स्ट्रेनचा असतो, सरसकट सगळ्या जिवाणूंचा नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या स्ट्रेनचा उपयोग होतो, त्याला चांगला पुरावा आहे. वजन उतरवण्याचे दावे मात्र मला कच्चे वाटतात. अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर अँटिबायोटिक या जिवाणूंनाही मारतं. सुरुवातीला थोडा गॅस होतो, घाबरू नका. हे पाहुणे आतड्यात सहसा कायमची वस्ती करत नाहीत, म्हणून तंतुमय आहार हवाच. आपले मूळचे जिवाणू त्यावरच पोसतात. आणि केमोथेरपी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक कॅप्सूलही नको, अगदी कळकळीने सांगतोय.