रोज पोहेच केले तर बिघडतं का? नाश्त्यावरचे तुमचे प्रश्न

यावेळी बहुतेकांनी सकाळच्या खाण्याबद्दलच विचारलंय, त्यातले पाच प्रश्न घेतेय.

प्रश्न: आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस पोहे, दोन दिवस उपमा. जिममधला ट्रेनर म्हणतो नुसते कार्ब्स आहेत, बंद करा. करू का? (ठाणे)

अहो बंद कशाला! आपण पोहे नुसते खातो ना, प्रॉब्लेम तिथे आहे. 50 ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे चांगली भरलेली डिश होते आणि त्यात प्रोटीन जेमतेम साडेतीन ग्रॅम, मग अकरा वाजता पोटात कावळे ओरडतात आणि ऑफिसात कुणाच्या तरी बड्डेचा समोसा समोर येतोच. त्याच पोह्यांत मूठभर शेंगदाणे घाला (20 ग्रॅम धरले तर 5 ग्रॅम प्रोटीन), मोड आलेली मटकी वाफवून किंवा मटार घाला, बाजूला वाटीभर दही नाहीतर एक उकडलेलं अंडं, त्याचे आणखी 6 ग्रॅम, आणि पोहे त्या मानाने थोडे कमी घ्या. नागपूरवाले तर्रीत हरभरे घालतात, ते बरोबरच करतात, फक्त वरचा तवंग जरा बाजूला सारा.

लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. त्यातल्या व्हिटॅमिन सीमुळे पोह्यातलं लोह अंगी लागतं, आणि हे व्हिटॅमिन उष्णतेने कमी होतं. पण आपल्याला पोह्यांसोबत चहा लागतो आणि चहा नेमकं तेच लोह अडवतो, त्यामुळे ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी तरी चहा तासभर पुढे ढकला. जीव जातो, माहितीये मला.

प्रश्न: थायरॉइडची गोळी सुरू झालीय. उठल्याउठल्या गोळी आणि लगेच चहा-खारी घेते, चालतं ना? (सांगली)

नाही ताई, नाही चालत. थायरॉइडची ही गोळी (लेव्होथायरॉक्सिन) रिकाम्या पोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची, आणि चहा-कॉफी-नाश्ता त्यानंतर अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तासांनी. गोळी उशाशीच ठेवा, उठलं की घेतली, मग आंघोळ, पूजा, डबे होईस्तोवर तास निघून जातो. खारीबद्दल वेगळं काय सांगू, मैदा आणि डालडा.

प्रश्न: बाबांना डायबेटीस आहे. साखर कमी राहावी म्हणून ते नाश्ताच करत नाहीत, पण गोळी घेऊन फिरायला जातात. (नाशिक)

हे आजच थांबवा. गोळी कुठली आहे ते बघा, ग्लिमेपिराइडसारखी असेल तर ती घेऊन न खाता चालायला गेल्यावर साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, काही सुचेनासं होणं, असं झालं की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायची. 70 च्या खाली आकडा म्हणजे कमीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. गोळीची वेळ आणि डोस डॉक्टरांना विचारूनच बदला, मनाने नको.

खायला काय, तर मुगाचं धिरडं. हिरवे मूग रात्री भिजवायचे, सकाळी आलं-मिरची-कोथिंबीर घालून वाटायचे, आंबवायची भानगड नाही. 50 ग्रॅम कोरड्या मुगात 12 ग्रॅम प्रोटीन असतं. किंवा ज्वारीचं पीठ ताकात कालवून लसणाच्या फोडणीवर उकड करा, दात नसले तरी खाता येते, आणि वर चमचाभर तेल घेतलं की बाबा कुरकुरणार नाहीत.

प्रश्न: मुलीची शाळा सात वाजता, घास उतरतच नाही तिला. (पुणे)

सहाला कुणाला भूक लागते हो! जबरदस्ती नको. कपभर दूध आणि दोन खजूर किंवा केळं, एवढंच द्या, आणि खरा नाश्ता छोट्या सुट्टीच्या डब्यात. थालीपीठ गार झालं तरी छान लागतं, भाजणीत ज्वारी-बाजरी-तांदळासोबत हरभरा डाळ आणि उडीद आधीच असतात, वर लोण्याचा गोळा नाही तर दही. कालच्या पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी, त्यात किसलेलं गाजर आणि शेंगदाणे, मुलं आवडीने खातात. नाचणीचे घावनही चालतील, नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि रात्रीचं जेवण दहाला होत असेल तर आधी ते साडेआठवर आणा, सकाळची भूक तिथेच अडलेली असते.

प्रश्न: गुरुवारी उपास असतो, साबुदाणा खिचडी हेल्दी का? (लातूर)

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, खिचडीत जे काही प्रोटीन आहे ते दाण्याच्या कुटाचं. तुमच्याकडे चालत असेल तर वरीचे तांदूळ किंवा राजगिऱ्याची भाकरी करा, सोबत दही. खिचडीच हवी असेल तर कूट सढळ, साबुदाणा निम्मा, आणि बटाटा नको.