स्क्लेरोडर्मा म्हणजे महारोग नव्हे. मग तो होतो कशानं?

तुम्ही विचारलंय की वणी तालुक्यातल्या तुमच्या 38 वर्षांच्या वहिनीला स्क्लेरोडर्मा निघाला, गावात त्याला महारोग म्हणतात, तर हा कशानं होतो आणि मुलांना होईल का.

आधी महारोगाचं. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्यात चट्ट्यावरची संवेदना जाते. डोळे मिटून कापसाचा धागा फिरवला तर कळत नाही. स्क्लेरोडर्मात स्पर्श नीट कळतो, पण कातडी ताठ, चकचकीत होते आणि बोटावर चिमटीत धरता येत नाही. यात जंतूच नाही, त्यामुळे तो लागत नाही. वहिनींचं ताट-पेला वेगळं केलं असेल तर आजच एकत्र करा. काहींच्या अंगावर पांढरे-काळे बारीक ठिपके उठतात, तेही कोड नव्हे.

आता कारण. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. त्या दुखावतात, आणि दुरुस्तीला आलेल्या पेशी थांबायचं नाव घेत नाहीत, कोलाजेन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार करतच राहतात. जखम भरताना वण येतो ना, तसा वण जखम नसताना कातडीत, अन्ननलिकेत, फुप्फुसात येत जातो. म्हणून पुष्कळांना कातडीच्या आधी रक्तवाहिन्यांचं लक्षण दिसतं: गारठ्यात बोटं पांढरी, मग निळी, ऊब मिळाली की लाल.

याला एकच एक कारण नाही. जन्मजात कल असतो, त्यावर बाहेरचं काहीतरी निमित्त होतं. पुरुषांपेक्षा बायकांना तीन-चार पटीनं जास्त, बहुतेक तिशी ते पन्नाशीत. बाहेरच्या कारणांत सर्वात पक्का पुरावा सिलिकाच्या धुळीचा आहे: गिट्टी क्रशर, दगडाची खाण, दगड कापणं. त्याखालोखाल थिनरसारखे सॉल्व्हंट, म्हणजे रंग-ग्रीस विरघळवणारी रसायनं. फवारणीच्या औषधांबद्दल तसा पुरावा नाही. वहिनी कधी क्रशरवर कामाला असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि ते काम सोडाच. मुलांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, तरी एकूण फार कमी. जुळ्यांच्या अभ्यासात एकाला असताना दुसऱ्याला असण्याचं प्रमाण शंभरात पाचही भरलं नाही.

कारणाइतकंच जपायचं ते स्टेरॉइडला. सांधे दुखतात म्हणून गावात पुडीतून गोळ्या दिल्या जातात, त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. या आजारात रोज 15 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन (हे एक स्टेरॉइडच) घेतलं तर किडनीचा झटका येण्याचा, म्हणजे बीपी एकदम वाढून किडनी निकामी होण्याचा धोका वाढतो. कातडी कोपराच्या वरपर्यंत, छाती-पोटावर कडक होत असेल तर पहिली चार-पाच वर्षं हा धोका मुळातच जास्त. उपकेंद्रात आठवड्यातून दोनदा बीपी मोजून वहीत लिहा. नेहमी 110 असणारा वरचा आकडा 140 झाला, किंवा डोकं फार दुखतंय, लघवी कमी होतेय, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. एनालाप्रिलच्या गटातलं बीपीचं औषध वेळेत सुरू झालं तर किडनी वाचू शकते. उशीर झाला की डायलिसिस.

नागपूरला किंवा सेवाग्रामला संधिवाताच्या डॉक्टरांकडे एएनए (रक्ताची तपासणी), छातीचा एचआरसीटी (बारकाईनं काढलेला सीटी स्कॅन), फुप्फुसाची पीएफटी (नळीत फुंकून होणारी तपासणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) हे सगळं सुरुवातीलाच करून घ्या, दम लागत नसला तरी. फुप्फुसातला वण आधी मुकाट्यानं वाढतो.

घरी बोटं जपायची. पहाटेच्या दहिवरात कापूस वेचायला जाऊ नये, ऊन वर आल्यावर जावं. वाळक्या बोंडाची टोकं बोटात रुततात आणि या बोटांची जखम महिनोन् महिने भरत नाही, तेव्हा हातमोजे हवेतच. भांडी कोमट पाण्यानं. नुसते हात नव्हे, अंगही उबदार ठेवा, पण गारठलेली बोटं चुलीवर धरू नका, भाजतात. जेवण झोपायच्या तीन तास आधी, आणि छातीत जळजळत असेल तर खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा.

तंबाखू-सुपारीचा खर्रा पूर्ण बंद. तंबाखूनं रक्तवाहिन्या आणखी आवळतात. शिवाय सुपारीनं तोंड उघडेनासं होतं आणि स्क्लेरोडर्मानंही होतं. गालाच्या आतला भाग पांढरट, राठ लागत असेल तर ते सुपारीचं. ओठ पातळ होऊन तोंडाभोवतीची कातडी आवळली असेल तर या आजाराचं. दोन्ही असतील तर दंतवैद्यालाही दाखवा.