इंटरनेट ‘खंडित’ झाले, ‘स्थगित’ झाले की ‘बंद ठेवले’?

एका वाचकाने बातम्यांची कात्रणे पाठवून विचारलेला प्रश्न असा आहे: एखाद्या जिल्ह्यात तणाव निर्माण होऊन शासनाने मोबाइल इंटरनेट थांबवले, की एका वृत्तपत्रात ‘इंटरनेट सेवा खंडित’ असे छापून येते, दुसऱ्यात ‘इंटरनेटबंदी’, तिसऱ्यात ‘सेवा स्थगित’, आणि वाहिन्यांवर सरसकट ‘इंटरनेट शटडाउन’. यांतला नेमका शब्द कोणता, की सगळेच चालतील?

माझ्या मते ‘इंटरनेट बंद ठेवले’ ही रचना सर्वांत नेमकी आहे. बाकीचे शब्द अशुद्ध नाहीत. मात्र प्रत्येक जण घडलेल्या गोष्टीचे थोडे वेगळे चित्र उभे करतो आणि त्यांपैकी दोन चित्रे तर चुकीचीच आहेत.

‘खंडित’पासून सुरुवात करू. वीजपुरवठा खंडित होतो तो कधी तारेवर झाड पडल्यामुळे, कधी रोहित्र जळाल्यामुळे. देखभालीसाठी तो मुद्दाम थांबवला, तरी शब्द तोच राहतो. म्हणजे पुरवठ्यात खंड पडला एवढेच तो सांगतो. खंड पाडला कोणी, याविषयी तो मौन बाळगतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर काही तास चालत नव्हते, तेव्हा ‘सेवा खंडित झाली’ किंवा ‘सेवा ठप्प झाली’ असे लिहिणे योग्यच होते, कारण तो तांत्रिक बिघाड होता. शासनाचा लेखी आदेश निघतो आणि दूरसंचार कंपन्या त्याप्रमाणे सेवा थांबवतात, तेव्हा त्याच शब्दामुळे आदेश वाक्याबाहेर राहतो आणि वाचकाच्या मनात बिघाड उरतो.

‘बंद’ या शब्दाचा अर्थ मराठीत पुढे येणारे क्रियापद ठरवते. बंद होणे, बंद पडणे, बंद पाडणे, बंद करणे आणि बंद ठेवणे या पाच गोष्टी आहेत आणि मराठी माणूस त्यांत सहसा गल्लत करत नाही. पंखा बंद पडतो, आंदोलक सभागृहाचे कामकाज बंद पाडतात, दुकानदार रात्री दुकान बंद करतो आणि घरात कोणी वारले तर दुकान बंद ठेवतो. मुंबईच्या कापड गिरण्या १९८२ च्या संपानंतर ‘बंद पडल्या’ की ‘बंद पाडल्या’ हा वाद गिरणगावात अजून निघतो, आणि तो सगळा वाद एका काना-मात्रेच्या फरकावर उभा आहे हे बोलणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. ‘बंद ठेवणे’ यात दोन गोष्टी अंगभूत आहेत: कोणीतरी जाणूनबुजून निर्णय घेतला आहे, आणि तो काही मुदतीपुरता आहे. कायद्याची अपेक्षाही नेमकी हीच आहे. दूरसंचार सेवा थांबवण्याविषयीच्या २०१७ च्या नियमांच्या नावातच ‘तात्पुरते’ या अर्थाचा शब्द होता. २०२० मध्ये त्यांत दुरुस्ती होऊन एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस ठरली. आणि त्याच वर्षी १० जानेवारीला काश्मीरमधील इंटरनेटविषयीच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंद ठेवणे चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सांगितले. जो आदेश प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक आहे, तो आपल्या वाक्यातून गळू नये एवढी काळजी बातमीदारानेही घ्यायला हवी.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ‘बंद’ हे आपल्याकडे आंदोलनाचेही नाव आहे. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘अमरावती बंद’ पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागले, शहरात संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेटही बंद ठेवले गेले. अशा दिवशी ‘अमरावतीत इंटरनेट बंद’ हा मथळा अर्धवट वाटतो खरा. पण बंद ‘पुकारतात’ आणि ‘पाळतात’. इंटरनेट कोणी पुकारत नाही. क्रियापद जागेवर असले की गोंधळ उरत नाही. गोंधळ होतो तो मथळ्यातून क्रियापद उडवल्यामुळे, आणि त्याचा दोष शब्दावर टाकता येत नाही.

‘इंटरनेटबंदी’ला माझा विरोध अधिक आहे, जरी तो शब्द सुटसुटीत आहे आणि त्याच्या जन्मामागे कारणही आहे. दारूबंदी, प्लास्टिकबंदी, जमावबंदी, संचारबंदी या मालिकेत तो सहज बसतो. त्यातही जमावबंदीशी त्याचे खरेखुरे नाते होते: २०१७ पूर्वी अनेक ठिकाणी इंटरनेट थांबवण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे तेच १४४ कलम वापरले जाई, ज्याखाली जमावबंदी लागते. २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत असेच झाले आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ते ग्राह्यही धरले. २०१७ च्या नियमांनी मात्र हा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या गृह सचिवाकडे दिला. अगदीच अपरिहार्य प्रसंगी सहसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला आदेश काढता येतो, पण त्याला चोवीस तासांत मान्यता मिळावी लागते. २०२४ मध्ये या नियमांच्या जागी नवे नियम आले, आणि आता तर त्यांमागचा मूळ कायदाही बदलला आहे: १८८५ च्या तार अधिनियमाच्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला आहे.

मुख्य अडचण अर्थाची आहे. संचारबंदीत मी रस्त्यावर फिरलो तर गुन्हा माझा. जमावबंदीत चौघांना घेऊन पाचवा उभा राहिलो तर गुन्हा माझा. ‘इंटरनेटबंदी’ या शब्दावरून असेच वाटते की इंटरनेट वापरणाऱ्यावर काही बंधन आहे आणि ते मोडणारा दोषी आहे. प्रत्यक्षात आदेश कंपन्यांना असतो. जिल्ह्याच्या शिवेवर राहणाऱ्या एखाद्याच्या मोबाइलला शेजारच्या जिल्ह्यातील टॉवरची रेंज मिळाली आणि त्याने घरी निरोप पाठवला, तर तेवढ्याने त्याने काहीही मोडलेले नसते. कारखान्यातील ‘टाळेबंदी’चा दाखला देऊन कोणी म्हणेल की तिथेही बंद करणारा मालकच असतो. बरोबर आहे, पण टाळे लावणारा मालक स्वतःच्या मर्जीने लावतो. इथे कंपनी सरकारच्या सांगण्यावरून लावते.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपविरुद्ध जी कारवाई केली, तिला ‘बंदी’ म्हणणे मात्र योग्य आहे. ती माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६९अ कलमाखाली होती, तिला मुदत नव्हती आणि रोख ठरावीक अ‍ॅपवर होता. तिथे ‘टिकटॉकवर बंदी घातली’ हेच सरळ मराठी आहे. ‘टिकटॉक बंद ठेवले’ म्हटले तर ते केव्हातरी पुन्हा सुरू होईल असा भलताच अर्थ निघेल.

‘स्थगित’ आणि ‘निलंबित’ यांचा निकाल झटपट लावता येतो. स्थगिती म्हटले की आपल्याला न्यायालय आठवते आणि निलंबन म्हटले की हवालदार किंवा तलाठी. इंग्रजी नियमातील ‘सस्पेन्शन’ या एका शब्दासाठी कोशातून ते उचलले गेले आहेत. आदेशाच्या शीर्षकात शोभतील, बातमीत जड वाटतात. ‘शटडाउन’ला भाषाशुद्धीच्या कारणासाठी मी नाकारणार नाही. फक्त वीज कर्मचारी दुरुस्तीसाठी ‘शटडाउन घेतात’ आणि पालिकेच्या पाणीपुरवठ्याचाही ‘शटडाउन’ असतो, त्यामुळे हा शब्द नेहमीच्या दुरुस्तीचा भास निर्माण करतो, एवढे लक्षात ठेवावे.

बोलीत लोक यातले काहीच म्हणत नाहीत. ‘लाइट गेली’ तसे ‘नेट गेलं’. किराणा दुकानात क्यूआर कोडवर पुठ्ठा उलटा लावून ‘सुट्टे द्या’ म्हणतात. रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र अडते आणि पाटीवर खडूने लिहिले जाते: ‘नेट बंद आहे, धान्य मिळणार नाही’. या पाटीत कर्ता नाही, पण पाटी लिहिणाऱ्याकडून ती अपेक्षा करणे अन्याय होईल. त्याच्यापर्यंत आदेशाची प्रत आलेलीच नसते. बातमी लिहिणाऱ्याजवळ ती असते. त्याने ‘गृह विभागाच्या आदेशाने जिल्ह्यात दोन दिवस मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले आहे’ असे लिहावे. ‘ठेवण्यात आले’ ही सरकारी कर्मणी रचना मला फारशी आवडत नाही, पण ‘खंडित झाले’पेक्षा ती प्रामाणिक आहे, कारण ठेवणारा कोणी आहे हे ती लपवत नाही.

जाता जाता लिंगाविषयी, कारण प्रश्नकर्त्याच्या कात्रणांपैकी एकात ‘इंटरनेट बंद ठेवली’ असे आहे. ‘सेवा’ हा शब्द गळला आणि त्याचे स्त्रीलिंग मागे राहिले, असा तो प्रकार दिसतो. ‘इंटरनेट सेवा बंद ठेवली’ किंवा ‘इंटरनेट बंद ठेवले’. यांपैकी कोणतेही एक लिहावे.