गॅरेजच्या पायरीवरून: जाम नटाला गॅस लावू द्यावा का?

प्रश्न: माझी अल्टो जुनी आहे. खड्ड्यातून जाताना पुढून खटखट वाजते. डाव्या बाजूचा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा सांधा) गेलाय, असं मेकॅनिक म्हणाला. नवा आणून ठेवलाय, पण चेकनट (एंडला रॉडवर आवळून ठेवणारा नट) जागचा हलेना. आता तो म्हणतो, गॅसने लाल करून काढतो. काढू द्यावं का?
– एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर: भाऊ, नको. जुना एंड भंगारातच जाणार आहे, त्याचं काय व्हायचं ते होवो. पण चेकनट ज्या रॉडवर बसलाय तो रॉड गाडीतच राहणार, आणि तुमचं स्टिअरिंग त्याच्यावर चालणार. लाल होईपर्यंत तापवलं की पोलादाची मूळ ताकद जाते, आणि वरून बघून ते कोणालाच कळत नाही. शेजारीच रॅकचं (स्टिअरिंग फिरवलं की रॉड सरकवणाऱ्या भागाचं) रबरी बेलो, म्हणजे घड्यांचं आवरण आहे, ते वितळतं. एंडमधल्या बंद बॉल जॉइंटला (गोळीच्या सांध्याला) आच लागली तर आतलं ग्रीस तापून रबर फुटतं, पेटतंसुद्धा. माजलगावच्या रस्त्याला हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर समोरून येतात. तिथे रॉडने दगा दिला तर सावरायला वेळ मिळत नाही.

आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही, तरी नट जाम होतातच. पावसाळ्यात काळी माती चाकाच्या आत थापली जाते, वरून वाळते आणि आत ओल धरून बसते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे एकमेकांत आवळले जातात. तेव्हा आधी माती पूर्ण काढा. वायर ब्रशने आटे चमकेपर्यंत घासा. मग गंज सोडवायचं तेल मारा आणि गाडी रात्रभर सोडा. सकाळी पुन्हा मारा. नटाच्या कडेने तेल तांबूस होऊन बाहेर यायला लागलं, की समजायचं ते आत पोचलं. लोक इथेच घाई करतात. तेल मारलं की लगेच पान्याला पाइप अडकवतात, आणि नटाचे कोपरे गोल होतात.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. घोडी (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड द्या. पाने दोन लागतात. एकाने आतला रॉड धरा, बहुतेक रॉडांना त्यासाठी चपटी जागा असते. दुसऱ्याने नट फिरवा. रॉड न धरता जोर केलात तर तो जोर रॅकवर जातो आणि बेलो पिळवटतं. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून दिशा अशी ठरवा: नट एंडपासून दूर, रॅककडे सरकला पाहिजे. पहिल्यांदा किंचित आवळा, मग सोडा. अर्धा आटा पुढे, पाव मागे, मधेमधे तेल. हललाच नाही तर नट छिन्नीने फोडा. नवा नट स्वस्तात मिळतो, रॉडचे आटे मात्र जपा.

आता दुसरं टोक. तिथली पिन निमुळती असते, नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तशाच निमुळत्या भोकात घट्ट बसते. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आडवी घातलेली तार) काढून नट सोडला तरी निमुळती पिन सुटत नाही. नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे सुटलेला एंड अंगावर येणार नाही. मग पुलर (पिन दाबून सोडवायचं हत्यार) लावा. पुलर नसेल तर पिनेच्या टोकावर मारू नका. नकलच्या कानाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने घाव घाला. भोक क्षणभर हलतं आणि ‘टक्’ करून पिन सुटते. तो आवाज ऐकला की हाताला लगेच कळतं. नटाबरोबर पिनच गोल फिरायला लागली, तर एंड पिनेच्या दिशेने दाबून धरा, म्हणजे ती भोकात पुन्हा आवळते.

जुना एंड काढताना चेकनटाच्या जागी पांढरा रंग लावा आणि किती फेऱ्यांनी निघतो ते मोजा. नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवा. रॉडच्या आट्यांना थोडं ग्रीस चालेल. निमुळती पिन आणि तिचं भोक मात्र कोरडं, स्वच्छ हवं. स्प्लिट पिन नवीच घाला. नटाची खाच भोकासमोर येत नसेल तर थोडा अजून आवळा, मागे फिरवू नका. त्यानंतर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) केल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका, नाहीतर टायर एका कडेने खाल्लं जाईल.

प्रश्न: स्टिअरिंगच्या खालच्या जॉइंटचा बोल्ट काढताना तुटला. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा बोल्ट चालेल का?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर: नाही चालणार. मापापेक्षा ग्रेड, म्हणजे बोल्टाची ताकद, महत्त्वाची. तुटलेल्या बोल्टाच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा दिसेल. पार्ट नंबर सांगून कंपनीचाच बोल्ट मागवा. अनेक गाड्यांत हा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून आडवा जातो, म्हणून नुसता ढिला करून जॉइंट निघत नाही, बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. तसाच ठोकत राहिलं की बोल्ट वाकतो. उरलेला तुकडा लेथवाल्याकडून नीट मधोमध ड्रिल करून काढून घ्या. नवा बसवताना खाच बोल्टासमोर आली आहे ना, हे बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी बघूनच आवळा.