नस, शीर, स्नायू, मज्जातंतू, चेता : ‘नर्व्ह’ला मराठीत म्हणायचं काय?

प्रश्न असा आहे : कुष्ठरोगाच्या एका माहितीपत्रकाचं मराठी तपासताना ‘नर्व्ह’साठी एकाच पानावर मज्जातंतू, चेतातंतू, नस आणि एके ठिकाणी चक्क स्नायू असे चार शब्द सापडले. यांतला कुठला ठेवायचा? शिवाय ‘चेतातंतूंतून आवेग (इम्पल्स) वाहतात’ हे वाक्य खटकतं, पण का खटकतं ते सांगता येत नाही.

आधी स्नायू काढून टाका, त्यावर चर्चाच नको. मराठीत स्नायू म्हणजे मसल. पत्रकाचा मसुदा बहुधा हिंदीवरून आला असावा, कारण हिंदीत आणि बंगालीत ‘स्नायु’ नर्व्हसाठी वापरतात. संस्कृतात मात्र त्याचा अर्थ या दोन्हींहून वेगळा. सुश्रुतसंहितेत शरीरात ९०० स्नायू मोजले आहेत. ते म्हणजे सांधे घट्ट बांधून ठेवणारे दोर, आजच्या भाषेत लिगामेंट आणि टेंडन. मांसाच्या गोळ्याला सुश्रुताचा शब्द ‘पेशी’, आणि त्या ५००. पुढे हिंदीने मांसपेशी ठेवली आणि ‘सेल’ला कोशिका केलं. आपण स्नायूला मसलवर बसवलं आणि मोकळी झालेली पेशी ‘सेल’ला दिली. त्यामुळे आपली ‘चेतापेशी’ (नर्व्ह सेल) हिंदी वाचकाला कुठल्यातरी मांसाचा प्रकार वाटली तर दोष त्याचा नाही.

गंमत म्हणजे ग्रीकांचंही असंच झालं. ‘न्यूरॉन’ या शब्दाचा त्यांच्याकडचा मूळ अर्थ तात, धनुष्याची दोरी, टेंडन. अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत हाच अर्थ चालत होता. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस आणि एरासिस्ट्राटस या वैद्यांनी शवविच्छेदन करून मेंदूपासून निघणारे पांढरे दोर वेगळे ओळखले, आणि जुनाच शब्द त्यांना चिकटला. भाषाशास्त्रज्ञ ‘न्यूरॉन’ आणि ‘स्नायु’ यांचं मूळ एकच मानतात. म्हणजे बंगालीने जे केलं ते ग्रीकांच्याच वाटेवरचं होतं. आपण फक्त वेगळ्या फाट्यावर वळलो.

आता नस. रोजच्या बोलण्यात हिच्याइतका सोयीचा आणि हिच्याइतका घोटाळ्याचा शब्द नाही. सलाइन लावायला परिचारिका नस शोधते, ती रक्तवाहिनी. कमरेत नस दबली, ती नर्व्ह. आणि नसबंदीतली नस? ती या दोन्हींपैकी नाही, ती शुक्रवाहिनी. शरीरातली लांबट, दोरीसारखी किंवा नळीसारखी कुठलीही वस्तू म्हणजे नस, एवढाच तिचा खरा अर्थ. ‘नस दबलीय’ म्हटल्यावर निम्म्या लोकांना वाटतं की रक्त अडलंय, आणि मग ते रक्त पातळ करायची गोळी मागतात. शिरेचं थोडं बरं आहे. मूळ ‘सिरा’ हा रक्तवाहिनीचा शब्द आहे आणि लिहिताना तो तिथेच ठेवावा. मात्र मान अवघडली की शीर ताणली म्हणतात तेव्हा बिचारा स्नायू दुखत असतो.

इतका गोंधळ का, तर आपल्या जुन्या वैद्यकात ही वस्तू वेगळी नोंदलेलीच नव्हती. हालचाल आणि संवेदना ही कामं वाताकडे दिलेली होती. अर्धांगवायू या नावात तो वायू अजून बसलेला आहे. वस्तूलाच नाव नव्हतं, म्हणून पाश्चात्त्य वैद्यक मराठीत आणताना शब्द घडवावा लागला, आणि पहिल्या पिढीने घडवला तो मज्जातंतू.

हा शब्द वाईट नाही. मज्जा म्हणजे हाडातला मगज, सप्तधातूंपैकी सहावा. पाठीच्या कण्यात असाच मऊ पांढरा ऐवज दिसतो, म्हणून मज्जारज्जू (स्पायनल कॉर्ड) आणि त्यातून फुटणारे ते मज्जातंतू. युरोपातही हाच विचार झाला होता. ‘मेडुला’ म्हणजे मगज, आणि १८५४ मध्ये जर्मन वैद्य फिरखोने तंतूंवरच्या स्निग्ध वेष्टणाला ‘मायलिन’ हे नाव दिलं, तेही मगजाच्याच ग्रीक शब्दावरून. पण आज अडचण दोन बाजूंनी येते. एक, ‘अस्थिमज्जा प्रत्यारोपण’ आता वर्तमानपत्रात रोज दिसतं, आणि वाचक त्या मज्जेचा या मज्जेशी संबंध जोडतो. दोन, आणि ही तुमच्या पत्रकापुरती महत्त्वाची, सगळ्या तंतूंवर मायलिन नसतं. गरम-गार आणि दुखणं कळवणारे बारीक तंतू एकतर उघडे असतात किंवा त्यांच्यावरचं वेष्टण अगदी पातळ असतं. कुष्ठरोगात संवेदना जाते ती बहुधा इथूनच सुरू होते. चहाचा पेला हाताला गरम लागत नाही, बोटाला फोड येतो आणि तो नंतर डोळ्यांनी दिसतो. म्हणजे ज्यांच्याबद्दल हे पत्रक मुख्यतः बोलतं, त्याच तंतूंना मज्जातंतू हे नाव सर्वांत कमी शोभतं.

राहिला चेता. शाळेच्या पुस्तकांमुळे चेतासंस्था, चेतापेशी, अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) हे शब्द आता मुलांच्या तोंडी आहेत. गुजरातीतही चेतातंत्रच म्हणतात. घडवणाऱ्यांच्या मनात चेतना असणार हे उघड आहे, पण मला हा शब्द आवडतो तो दुसऱ्याच कारणाने. मराठीत चेतणे म्हणजे पेटणे. चूल चेतवतात, भांडणही चेतवतात. आणि या तंतूंत जे घडतं ते वाहण्यापेक्षा चेतण्याच्या फार जवळ आहे.

तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो. ‘वाहतात’ म्हटलं की नळातलं पाणी किंवा तारेतली वीज डोळ्यांपुढे येते, म्हणजे या टोकाला शिरलेली वस्तू त्या टोकाला बाहेर पडते. इथे तसं काही होत नाही. चेतापेशी स्वस्थ असताना तिच्या पडद्याच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. एका जागी पुरेसा धक्का बसला की तिथल्या झडपा उघडतात, बाहेरचा सोडियम आत घुसतो, आणि एक मिलिसेकंदाच्या आसपास तेवढ्या तुकड्यापुरती आतली बाजू धन होते. त्या बदलाने शेजारच्या तुकड्याच्या झडपा उघडतात, मग त्याच्या शेजारच्या. सोडियम आपल्या जागी पडद्यातून आत येतो, लांबीच्या दिशेने प्रवास करत नाही. सुतळी बॉम्बच्या वातीत ठिणगी पुढे जाते पण दारू जागची हलत नाही, तसंच. फरक एवढाच की वात जळून राख होते आणि हा तंतू दोन-चार मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार होतो. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकुळच्या (स्क्विडच्या) जाड अक्षतंतूवर मोजमापं करून याचं गणित मांडलं, आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तारेतल्या विजेशी तुलना वेगाच्या बाबतीतही फसते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या तंतूतला वेग मोजला, तो सेकंदाला साधारण २७ मीटर भरला. माणसाच्या जाड, मायलिनवाल्या तंतूंत तो १०० मीटरपर्यंत जातो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंत मात्र सेकंदाला एखादाच मीटर. ठेच लागल्यावर आधी ‘लागलं’ हे कळतं आणि मग ती ठणकणारी कळ सावकाश येते, त्यामागे हेच आहे.

म्हणून ‘आवेग वाहतात’ऐवजी ‘आवेग पुढे सरकतो’ किंवा ‘आवेग पसरत जातो’ लिहा. ‘आवेग’ या शब्दाला माझी हरकत नाही. रडण्याच्या आवेगाशी घोटाळा होतो अशी तक्रार ऐकू येते. नाट्यशास्त्राच्या ३३ व्यभिचारी (येऊन-जाऊन असणाऱ्या) भावांतही आवेग आहेच. पण वेग हा वैद्यकातलाही जुना शब्द आहे. चरकाने शिंक, जांभई, मूत्र असे अडवू नयेत असे १३ वेग सांगितले आहेत. शरीरातून उठणारी, मध्येच थोपवता न येणारी गोष्ट हा अर्थ तिथे आधीपासून आहे, आणि चेतापेशीचा आवेगही एकदा उठला की पूर्णच उठतो, अर्धामुर्धा नाही. सामान्य वाचकासाठीच्या पत्रकात मात्र आवेगाची गरजच नाही, ‘संदेश’ पुरतो.

पत्रकापुरता माझा कौल असा : पहिल्यांदा ‘संवेदनेच्या नसा (चेतातंतू)’ असं लिहा आणि पुढे सगळीकडे नस ठेवा. आशाताई कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेत बोट फिरवून बघतात तेव्हा ‘नस जाड लागतेय’ असंच म्हणतात, ‘चेतातंतू स्थूल झाला आहे’ असं कुणी म्हणत नाही. डॉक्टरांसाठी किंवा विद्यार्थ्यांसाठी वेगळी पुस्तिका असेल तर तिच्यात चेतातंतू घ्या. मज्जारज्जू जुन्या वाचकांच्या ओळखीचा आहे, तो त्याच अर्थाच्या मेरुरज्जूच्या बरोबरीने राहिला तरी चालेल. आणि फुगलेल्या निळ्या रक्तवाहिन्यांचा उल्लेख कुठे आला, तर तिथे शिराच लिहा, म्हणजे त्याच पानावरच्या नसांशी गल्लत होणार नाही.