जुन्या आर-२२ एसीत 'नवा इको-फ्रेंडली गॅस' भरून घ्यावा का? की आर-३२ किंवा आर-२९० चा नवा एसी घ्यावा? घरात जळणारा गॅस सुरक्षित असतो का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: अकोल्यात दुसऱ्या मजल्यावर घर, आई-बाबांच्या खोलीत २०११ चा दीड टनाचा आर-२२ एसी (आर-२२, आर-३२, आर-२९० ही एसीत फिरून गारवा आणणाऱ्या गॅसांची नावं), आणि गेली चार वर्षं दर मार्चमध्ये त्यात गॅस भरावा लागतोय. यंदा मेकॅनिक म्हणतो, यातच नवा इको-फ्रेंडली गॅस टाकून देतो. दुकानदार आर-३२ दाखवतो, मित्र आर-२९०, म्हणजे प्रोपेन, घे म्हणतो, आणि आई म्हणते की हा तर स्वयंपाकाचाच गॅस, तो झोपायच्या खोलीत कशाला?

मी बावीस वर्षं विदर्भात हेच काम करतोय. बाकीचं सावकाश वाचा, पण एक गोष्ट आजच करा: त्या मेकॅनिकला फोन करून नाही म्हणून सांगा.

कारण आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ भरताच येत नाही. आर-३२ चं प्रेशर आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त असतं आणि त्याच्या कॉम्प्रेसरला तेलही वेगळं लागतं. मग तो भरणार काय? तर प्रोपेन, किंवा प्रोपेन-ब्युटेनचं काहीतरी मिश्रण. त्याचं प्रेशर आर-२२ च्या जवळपास असतं, त्यामुळे मशीन चालतं, गार करतं, कॉम्प्रेसर अँपिअरही कमी घेतो. गिऱ्हाईक खूश होतं. पण ते मशीन जळणाऱ्या गॅससाठी बनवलेलंच नाही. त्यातले रिले आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, उघडे असतात, चालू-बंद होताना ठिणगी पडते. कारखान्यातून आर-२९० घेऊन येणाऱ्या एसीत हे भाग बंदिस्त असतात किंवा ठिणगी गॅसपर्यंत पोचणार नाही असे बसवलेले असतात, गॅस ग्रॅममध्ये मोजून भरलेला असतो आणि बाहेर ज्वालेचं चिन्ह असलेलं लेबल असतं. तुमच्या मशीनवर 'आर-२२' हीच पट्टी राहणार, आणि पुढच्या वर्षी येणारा मेकॅनिक तिच्यावरच विश्वास ठेवणार.

असा पुढच्या वर्षीचा मेकॅनिक मी स्वतः होतो. पाच-सहा वर्षं झाली असतील. गच्चीवरचा आउटडोअर, भर दुपार, पट्टीवर स्वच्छ 'आर-२२' लिहिलेलं. पाइपला बारीक चीर होती, ब्रेझिंग, म्हणजे टॉर्चनं तापवून धातूचा डाग द्यायचं काम, करायचं होतं. टॉर्च पेटवायला लायटर हातात घेतला होता. त्याआधी सवयीप्रमाणे सर्व्हिस वाल्व्ह जरासा सैल केला, तर स्वयंपाकघरात शेगडी उघडी राहिल्यावर येतो तसा वास आला. कुणीतरी चक्क घरगुती सिलिंडरमधला गॅस भरला होता. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून मी वाचलो. एसीसाठी मिळणाऱ्या शुद्ध आर-२९० ला वास नसतो. तो गॅस आत असता तर मी लायटर दाबला असता. माझा पोरगा त्या दिवशी हाताखाली काम करत होता. तेव्हापासून हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आता मूळ दुखणं. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरत असतो, वीस वर्षं फिरला तरी तेवढाच राहतो. कमी झाला म्हणजे गळला. दर मार्चला तुम्ही गॅस 'भरत' होता, याचा अर्थ मागच्या मार्चमध्ये भरलेला हवेत गेला होता. चार वर्षांत कुणी नायट्रोजन भरून, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती शोधली का? बहुतेक नाही. टॉप-अप वीस मिनिटांत होतो, गळती शोधायला अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. यात आम्हा मेकॅनिकांचीही चूक आहे, नुसती गिऱ्हाइकाची नाही.

हवेत गेलेल्या गॅसचा हिशेब पाहा. एक किलो आर-२२ शंभर वर्षांच्या मापानं साधारण १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, शिवाय ओझोनच्या थराला इजा करतो ती वेगळी. दर वर्षी अर्धा किलो धरला तर चार वर्षांत दोन किलो, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त. पन्नासचं ॲव्हरेज देणारी मोटरसायकल पंचाहत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चालवली तर साधारण तेवढा धूर होईल. तुमच्या घरात कुणी एवढी गाडी चालवली नसेल, पण एका खोलीच्या एसीनं ते केलंय.

माझाही हिशेब सांगतो. शिकाऊ होतो तेव्हा जुनं मशीन काढताना उस्तादांनी शिकवलेली पद्धत एकच होती: नट सैल कर आणि बाजूला उभा राहा. फुस्स आवाज, पांढरा फवारा, बोटं बधिर, पितळी नटावर बर्फ. दोन-तीन मिनिटांत काम मोकळं. असे किती एसी सोडले ते मोजलं नाही, पण शेकड्यांत असतील. हा गॅस काय करतो ते एका ट्रेनिंगमध्ये कळलं, आणि त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

आता नव्या मशीनकडे येऊ. मधल्या काळात आर-४१० ए हा दोन गॅसांच्या मिश्रणाचा गॅस आला. त्यानं ओझोनचा प्रश्न सोडवला, पण उष्णतेच्या बाबतीत तो आर-२२ पेक्षाही वाईट, किलोमागे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की त्याची मशीनं धापा टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणी 'स्वस्तात नवा' म्हणून आर-४१० ए दाखवला तर घेऊ नका.

आर-३२ चा आकडा ६७५. दीड टनाच्या मशीनमध्ये तो साधारण ७०० ते ९०० ग्रॅम असतो. डायकिननं २०१२ मध्ये जपानात त्याचे घरगुती एसी आणले आणि नंतर बाकी कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. आज दुकानात दिसणारी बहुतेक मॉडेलं याचीच. एकच पदार्थ असल्यानं अर्धवट गळला तरी मिश्रण बिघडण्याची भानगड नाही.

आर-२९० म्हणजे प्रोपेन, आकडा ३. तीनशे नाही, नुसता तीन. दीड टनाला साधारण ३५० ग्रॅम पुरतो. तुमच्या मित्राला हे कुठल्या परदेशी लेखातून कळलं असेल, तर त्याला सांगा की सातारा जिल्ह्यात शिरवळला गोदरेजच्या कारखान्यात २०१२ पासून असे एसी बनले, जर्मन सरकारच्या मदतीनं ती लाइन उभी राहिली, आणि जगभरातले लोक ते उदाहरण देतात. आमच्या उन्हात तो आर-४१० ए पेक्षा दमदार चालतो, विजेलाही चांगला.

आईची भीती मात्र खोटी नाही. तिला आकड्यांत सांगा. स्वयंपाकघरातल्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, एसीत ३५० ग्रॅम, म्हणजे चाळिसाव्या भागाइतका. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंच खोली धरली तर तिच्यात साधारण ३२ घनमीटर हवा असते. सगळाच्या सगळा गॅस एकदम गळून सारखा पसरला तर घनमीटरमागे ११ ग्रॅम होतो. प्रोपेन पेटायला किमान ३८ लागतात. आर-३२ चे ८०० ग्रॅम गळले तर २५ होतात, आणि तो पेटायला ३०० च्या वर लागतात. पेटला तरी त्याची ज्योत फार मंद सरकते. म्हणून दोघेही जळणारे असले तरी त्यांचे वर्ग वेगळे आहेत.

पण 'सारखा पसरला तर' हा शब्द आईपासून लपवू नका. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. पंखा बंद असेल, दारं-खिडक्या लावलेल्या असतील, तर तो जमिनीलगत साचतो आणि तिथे प्रमाण वाढतं. म्हणून मी प्रत्येक घरात एक प्रश्न विचारतो: या खोलीत देवघर आहे का? समई किंवा निरांजन खाली पाटावर, रात्रभर तेवत ठेवता का? म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत अनेकदा असते. असेल तर मी आर-२९० लावत नाही, आर-३२ लावतो. ज्योत नसेल, खोली लहान नसेल आणि त्या कंपनीचा आर-२९० शिकलेला माणूस अकोल्यातच मिळत असेल, तर आर-२९० घ्या, मनापासून सांगतो. माणूस अमरावतीहून किंवा नागपूरहून येणार असेल तर आर-३२ बरा, कारण पुढे अडचणीत तुम्ही जवळच्या कुणालातरी बोलावणार आणि पुन्हा माझी गच्ची घडणार.

आर-३२ घेतला तर उद्या तोही बंद होईल का, असंही तुम्ही विचारलंय. २०१६ च्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारानुसार आर-४१० ए च्या जातीच्या (एचएफसी) सगळ्या गॅसांवर कपात येणार आहे, आर-३२ सुद्धा त्यात आलाच. पण भारताला २०२८ मध्ये वापर गोठवायचा आहे, २०३२ मध्ये १० टक्के कमी करायचाय, आणि ८५ टक्क्यांची मोठी कपात २०४७ ची. तुमच्या मशीनचं आयुष्य त्याआधीच संपेल. गॅस मिळणार नाही ही काळजी करू नका. आर-२२ चं मात्र उलट आहे, नव्या मशीनमध्ये तो वापरणं बंद झालंय आणि सर्व्हिसिंगचा गॅसही कमी होत जाणार. म्हणून तुमच्या पंधरा वर्षं जुन्या मशीनच्या कॉइलवर मोठा खर्च करा असं मी सांगणार नाही.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचंय ते बसवण्याच्या दिवशी. गॅस कितीही चांगला असला तरी मशीन हवाबंद नसेल तर सगळं वाया. फ्लेअर नट, म्हणजे पाइप मशीनला जोडणारा नट, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या मापाइतकाच आवळणाऱ्या) आवळलाय का ते बघा, नुसता जोर लावून नाही. पाइपातली हवा व्हॅक्यूम पंप लावून काढतात का ते बघा, निदान वीस-पंचवीस मिनिटं. काही जण पंप गाडीतच ठेवतात आणि मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात. जळणाऱ्या गॅसच्या बाबतीत हे धोक्याचं आहे, आणि पाइपात राहिलेला ओलावा तेल खराब करतो. असं करताना दिसला तर काम थांबवा. वाईट दिसेल, दिसू द्या. बिल देण्याआधी सगळ्या सांध्यांना तुमच्यासमोर साबणाचा फेस लावून घ्या, बुडबुडा येत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जुनं मशीन काढताना कॉम्प्रेसर चालू ठेवून आधी बारीक पाइपचा वाल्व्ह बंद करायचा, गॅस आउटडोअरमध्ये गोळा झाला की जाड पाइपचा. याला पंप डाऊन म्हणतात, ॲलन की लागते आणि काही मिनिटांचं काम असतं. पण एवढ्यानं भागत नाही. तो आउटडोअर तसाच भंगारवाल्याकडे गेला तर तांब्यासाठी तो पाइप छाटणार आणि गॅस तिथे सुटणार. रिकव्हरी मशीन असलेला मेकॅनिक शोधा, तो गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतो आणि साफ करून दुसऱ्या कुणाच्या आर-२२ ला वापरता येतो. एक्स्चेंजमध्ये देत असाल तर दुकानदाराला विचारा की गॅसचं काय करता. उत्तर नीट आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

मला अजून एक हवंय. इनडोअरच्या जवळ बाथरूमची किंवा गटाराकडे उघडणारी खिडकी आहे का, आणि आउटडोअरखालून नाला जातो का? गटारातल्या गंधकाच्या वाफेनं तांब्याच्या कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, मी तीन वर्षांत गेलेल्या कॉइल पाहिल्यात. तुमची गळती तशी असेल तर नवं मशीन त्याच भिंतीवर लावून चालणार नाही. जागेचा फोटो टाका, आणि आई-बाबांच्या खोलीत समई असते का तेही लिहा, मग मॉडेल कोणतं ते बोलू.