लांडग्यांत राहिलो म्हणणाऱ्यांचं काय खरं?

प्रश्न: ताई, रीलमध्ये एकजण म्हणतो मी वर्षभर लांडग्यांच्या कळपात राहिलो. आता आमचा मुलगा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बिबट्याशी दोस्ती करायची म्हणतोय. खरं असतं का हे? – एक आई, मालाड

उत्तर: मला नाही पटत. आधी बघा शूटिंग कोण करतंय, मागे कुंपण दिसतंय का. मिशा डिफोन्सेका नावाच्या लेखिकाबाईंनी लहानपणी लांडग्यांसोबत राहिल्याचं लिहिलं, लोकांना खरंच वाटलं, शेवटी २००८ मध्ये त्यांनीच खोटं होतं म्हणून कबूल केलं. टिमोथी ट्रेडवेल हा अमेरिकेतला अस्वलप्रेमी मात्र अलास्कात १३ उन्हाळे खरोखर अस्वलांजवळ राहिला, आणि २००३ मध्ये अस्वलानेच त्याला नि त्याच्या मैत्रिणीला मारलं हो. नॅशनल पार्काला लागूनच्या आपल्या आरेतल्या पाड्यांवरची माणसं बिबट्याच्या शेजारीच राहतात, पण दोस्ती कोणी करत नाही, अंधार पडला की बॅटरी लावून, मोठ्याने बोलत, पोरांना मधे घेऊन चालतात.